ओसरीचे नियम

३० सप्टेंबर २०१६, शुक्रवार. अप्पर हट, न्यूझीलंड.

सर्वपित्री अमावास्या. सूनबाईंनी, म्हणजे विनिताने, सकाळीच खीर, वडे, आमसुलाची चटणी केली. माझ्या बायकोच्या, मालतीच्या नावाचं पान घरामागच्या डेकवर ठेवलं. या भागात कावळा नाही. मेंढ्या हीप्स, म्हणजे ढिगाने, कावळा औषधाला नाही. आमचे चिरंजीव मकरंद म्हणाले, बाबा, मॅगपाय चालेल, तोही अर्धा काळाच असतो. मॅगपाय आला. आधी माझ्या टकलावर झडप घातली, मग वडा उचलला आणि शेजाऱ्याच्या ट्रॅम्पोलिनवर बसून खाल्ला. याला शिवणं म्हणायचं की चोरी, यावर नवरा-बायकोची चर्चा झाली. मी भाग घेतला नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात मालतीच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तेव्हाही मी शांत होतो. नातेवाईकच वचनं देत सुटले होते. तुझ्या पाटल्या विनिताला देऊ, तुझी तुळस वाळू देणार नाही, यांच्या पथ्याकडे बघू. कावळा ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकून टाकलं. शहरात कावळेच कमी झालेत, त्याला मालती तरी काय करणार!

संकल्प : आमचा नवरा-बायकोचा घरगुती खेळ नियमबद्ध करून जगाला देणे. लायब्ररीत नोटीस वाचली. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी इथल्या बोर्ड गेम्स क्लबची नव्या खेळांची स्पर्धा आहे. मी नगरपालिकेत जन्मभर उपविधी लिहिले. कचरा, मोकाट कुत्री, मांडव, सगळ्यांना शिस्त लावली. एक पाट आणि चौदा सोंगट्या म्हणजे किस झाड की पत्ती.

२ ऑक्टोबर, रविवार

मसुदा तयार. खेळाचं नाव ओसरी. पाटावर सात बाय सात घरं. प्रत्येकाला सात सोंगट्या, माझ्या पांढऱ्या, मालतीच्या काळ्या. सोंगटी एक घर सरळ सरकते. तिरकी नाही. शत्रूच्या सोंगटीला दोन्ही बाजूंनी आपली सोंगटी लागली की ती गेली.

'गेली' या शब्दावर आमचा लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच वाद झाला होता. मी 'मेली' लिहिलं होतं. मालतीने खोडायला लावलं. म्हणाली, मेली काय म्हणता, घरात लहान मूल आहे, ओसरीत बसली म्हणा. आणि ओसरीत बसलेलं माणूस कधीही आत येऊ शकतं. म्हणून पुढचा नियम : आपली पाळी आली की चाल करण्याऐवजी ओसरीतली एक सोंगटी आपल्या पहिल्या रांगेत परत आणता येते. समोरच्याच्या सातही सोंगट्या एकदम ओसरीत बसल्या, की आपण जिंकलो.

किती सुटसुटीत! मी चाळीस वर्षांत एकदाही जिंकलो नाही, पण मी कधी मनावर घेतलं नव्हतं. बायकोशी कोण खरं खेळतं?

९ ऑक्टोबर, रविवार

पाट तयार झाला. मकरंदने भाजी कापायचा जाड लाकडी पाट आणला, इथल्या मेन्स शेड नावाच्या सुतारकामाच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांकडून त्याला खळगे पाडून घेतले. सोंगट्यांसाठी मी पुण्याहून चिंचोके आणले होते, ते विमानतळावर एका कुत्र्याने वास घेऊन जप्त करवले. आता पांढऱ्या म्हणून गुंड्या आणि काळ्या म्हणून हट नदीतले खडे. देखणे आहेत.

पहिली चाचणी मकरंदबरोबर. जेवण झाल्यावर बसलो. चहाच्या वेळेला त्याने विचारलं, बाबा, हा संपतो कधी? मी म्हटलं, चांगला खेळ घाई करत नाही. संध्याकाळी त्याला स्वतःच्या चालीवर झोप लागली. पोरगं रोज वेलिंग्टनला ट्रेनने जाऊन-येऊन दमतं. खेळात दोष नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.

सोनं म्हणून विनिताने कावाकावा या इथल्या झुडपाची पानं तोडून आणली. आपट्याचा चुलतभाऊ शोभतो. सोनं द्यायला लोअर हटहून वसुंधराबाई आल्या. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, सांगलीला शाळेत गणित शिकवायच्या. माणूस चांगलं, पण तोंड फटकळ. त्यांना खेळ दाखवला. दोन तास खेळल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, रावसाहेब, हा खेळ आहे का पाहुणचार? जो तो येतोय, बसतोय, परत आत येतोय. इथे कुणी मरतच नाही, मग संपणार कसा?

उपाय म्हणून त्यांनी सुचवलं की प्रत्येक सोंगटीला एकदाच परत येऊ द्यावं. अमानुष सूचना! मी सौम्य शब्दांत फेटाळली. त्या म्हणाल्या, ओरडता कशाला?

शिक्षकांना दृष्टी नसते. फक्त उत्तरपत्रिका दिसतात.

१६ ऑक्टोबर, रविवार

मुद्द्याचा तरीही विचार केला. आमचे डाव संपायचे, हे मला पक्कं आठवतं. मग कसे संपायचे? आज आंघोळ करताना आठवलं. मालती मध्येच उठायची. चला, कुकर लावायचाय, मी जिंकले. म्हणजे डाव संपवणारा नियम होता, फक्त तो लिहिलेला नव्हता. तो उठून स्वयंपाकघरात जायचा.

हे स्पर्धेत सांगता येणार नाही. दुसरा नियम शोधणे. सोपं आहे. एका आठवड्यात करतो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

अजून सापडला नाही, पण कारण सापडलं. हवेतले नियम सुचत नाहीत, खरा डाव समोर लागतो. म्हणून आमचा शेवटचा डाव जसाच्या तसा मांडला. मालतीला हॉस्पिटलात नेलं त्या सकाळी पलंगाजवळच्या स्टुलावर अर्धा राहिलेला. पाळी तिची होती. स्ट्रेचरवरून म्हणाली, हलवू नका काही, मी आल्यावर खेळते. आम्ही तिकडे असताना शेजारच्या बाईंनी चांगुलपणाने घर झाडलं आणि सोंगट्या डब्यात भरल्या. पण मांडणी मला पाठ आहे.

दहाव्याला सगळे पाटल्या आणि तुळस म्हणत होते. मला ठाऊक होतं काय ते. चारचौघांत कसं सांगणार की हिचा जीव एका अर्ध्या डावात अडकलाय? लोक हसले असते. आणि माझा विश्वासही नाही.

पाट जेवणाच्या टेबलावर ठेवला आहे. खिडकीकडची खुर्ची काळ्याची. तिथे कुणी बसायचं नाही, एवढंच सांगितलं. निव्वळ अभ्यासासाठी.

२४ ऑक्टोबर, सोमवार

विनिता फोनवर आईला सांगत होती, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. माझ्या खेळाचं नाव तिच्या तोंडी बसलंय, बरं वाटलं.

दिवसभर हीट पंप लावतो. इथे आता वसंत, तरी गारठा असतोच. विनिता म्हणते, बाबा, बाहेर एकोणीस डिग्री आहे, बिल किती येईल. पण सुरू होताना तो घसा खाकरतो. मालती चाल करायच्या आधी खाकरायची, अगदी तसाच. याचा काही संबंध नाही. मला थंडी वाजते.

३० ऑक्टोबर, रविवार. लक्ष्मीपूजन.

मकरंदचे मित्र सहकुटुंब फराळाला आले. टेबल मोकळं करा म्हणाले. मी नाही म्हटलं. सगळ्यांनी उभ्याने चकल्या खाल्ल्या. एका मुलीने खिडकीकडची खुर्ची ओढली, तेव्हा मी जरा मोठ्याने बोललो. ती रडली. मकरंद तिला डेअरीत आइस्क्रीम घ्यायला घेऊन गेला.

नंतर त्याने विचारलं, बाबा, तिथे आई बसते का? मी म्हटलं, वेडा आहेस का. तो म्हणाला, बसत असेल तर मला सांगा. चेष्टा करत असावा. चेहरा चेष्टेचा नव्हता.

संकल्प : एकट्याने खेळताना मोठ्याने बोलणे बंद.

१४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

काल झोपल्यावर मोठा भूकंप झाला. घर जात्यासारखं फिरलं, थांबेचना. मकरंदने मला ओढून टेबलाखाली घातलं. मी सांगत होतो, पाट धर, पाट धर! तो ओरडला, बाबा, डोकं धरा! मग मला ब्लँकेटात गुंडाळून डेकवर बसवलं. शेजाऱ्याने कुंपणावरून बॅटरी मारून विचारलं, यू ओके, मेट? मी म्हटलं, स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास.

उजाडल्यावर आत आलो. कपाटातल्या काचा फुटल्या, गणपती पालथे, टीव्ही जमिनीवर. आणि पाट जागच्या जागी. प्रत्येक सोंगटी आपापल्या खळग्यात.

फक्त एक काळा खडा एक घर पुढे.

पाळी काळ्याची होती. एकच खडा, एकच घर, सरळ. नियमाला धरून. आणि चाल काय सुरेख! माझ्या दोन गुंड्या कात्रीत.

मी विश्वास ठेवत नाही. फक्त नोंद करतो. 

१९ नोव्हेंबर, शनिवार

मी उत्तरादाखल एक गुंडी सरकवली होती. दुसऱ्या सकाळी काळा खडा हलला. मी खेळलो. पुन्हा हलला. धक्के अजून चालूच आहेत. मकरंदचं ऑफिस बंद आहे, घरून काम करतो. त्याने मोबाइलमधलं अ‍ॅप दाखवलं, पहाटे धक्का बसला होता, त्याने सरकला असेल. मी म्हटलं, भूकंपाला गुंडी आणि खडा यातला फरक कळतो का? त्याने मोबाइल खिशात घातला.

भूक लागते आहे. काल दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. विनिता म्हणाली, बाबा आज आंघोळीत गात होते.

जेवण झाल्यावर मकरंद माझ्याशेजारी बसला. त्याने विचारलं, आई इथे काय खेळली असती? मी त्याला दुरुस्त केलं, खेळली असती नव्हे, खेळेल. तो बराच वेळ काळ्या बाजूकडे बघत राहिला. पोराला आता कुठे खेळाची गोडी लागते आहे.

२३ नोव्हेंबर, बुधवार

पक्का पुरावा मिळाला. आज काळा खडा तिरका गेला. तिरकी चाल नियमात नाही! पण मालती अशीच चोरायची, आणि विचारलं की म्हणायची, मांजर गेलं असेल. तोच रडीचा डाव. दुसरं कोण असणार?

खुर्चीकडे बघून तिला चांगलं झापलं. फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत तिच्यावर रागावलोच नव्हतो.

२६ नोव्हेंबर, शनिवार

वसुंधराबाई भूकंपाची चौकशी करायला आल्या. पाट पाहून म्हणाल्या, काळ्याकडून कोण खेळतंय? मी सांगितलं. चहाचा कप हातातच राहिला त्यांच्या. मग अगदी हळू म्हणाल्या, रावसाहेब, तिरकी चाल कुणाला नियम नीट माहीत नसला की होते.

विनिता रडायला लागली. म्हणाली, बाबा, त्या रात्री सगळ्या सोंगट्या कार्पेटवर पडल्या होत्या. तुम्ही डेकवर होतात, मी आठवून आठवून परत मांडल्या, एखादी चुकली असेल. मी तिला म्हटलं, तू मांडल्यास, पण एक घर पुढे नेमकी कुणी ठेवायला लावली? ती आणखीनच रडली.

मग मकरंद. पुढच्या चाली त्याच्या. म्हणाला, तुम्ही जेवायला लागलात म्हणून आधी केलं, नंतर माझ्यासाठीच करत होतो. मी पुण्याला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं, बाबा. मला आई दिसलीच नाही. तो काळा खडा हातात घेतला की वाटायचं, तिच्या जवळ बसलोय. एवढा चाळिशीचा माणूस, डाळीचं पातेलं हातात धरून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, फोडणीचा खकाणा उठला होता.

शांतपणे विचार केला. काही बिघडलेलं नाही. भूकंपाला हात नसतात, माणसांना असतात. मालतीने सोयीचे हात निवडले. सुनेचे आणि मुलाचे. तिला परक्यांकडून काम करून घ्यायला कधीच आवडलं नाही.

३० नोव्हेंबर, बुधवार

चार सकाळी पाहिलं. खडे जिथल्या तिथे. मकरंदला म्हटलं, हात लावायला हरकत नाही. तो म्हणाला, आता नाही होत बाबा. हीट पंप लावला. नुसताच हीट पंप.

१ डिसेंबर, गुरुवार

सुचलं! मालतीला चारचौघांत जिंकायला आवडायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका गोळा झाल्या की नेमका तेव्हाच मला हरवायची. या घरात आता सगळं उघडं पडलंय, सगळे रडून बसलेत, अशा ठिकाणी ती कशाला येईल? शनिवारी हॉलमध्ये येईल.

क्लबच्या ब्रायनला फोन केला. गणिताचा निवृत्त मास्तर आहे, बोलणं गोड. त्याने सांगितलं, डाव तासाभरात संपला पाहिजे, आणि खेळून दाखवायला दोघं हवेत, नावं दे. मी दिली. एक माझं, दुसरं मालती. स्पेलिंगही सांगितलं.

वसुंधराबाईंचा फोन आला. त्या काळ्याकडून खेळायला तयार आहेत. आभार मानले आणि म्हटलं, जागा भरलेली आहे.  त्या म्हणाल्या, मग मी येऊन बसते नुसती.

संपवणारा नियम अजून सुचलेला नाही. काळजी नाही. ती आली की संपवेल.

३ डिसेंबर, शनिवार. सकाळी.

इस्त्रीचा शर्ट. दाढी. विनिताने हातावर दही घातलं. पाट मांडीवर घेऊन गाडीत बसणार, मागच्या सीटवर उजवी बाजू मोकळी ठेवायला सांगितली आहे. मकरंदने तिथली सामानाची पिशवी डिकीत ठेवली. मला लग्नाच्या दिवशी वाटत होतं तसं वाटतंय.

आज जिंकणार. म्हणजे हरणार. एकूण एकच.

३ डिसेंबर. संध्याकाळी.

लायब्ररीचा हॉल. आठ-दहा टेबलं, प्रत्येकावर नावांच्या दोन पाट्या. माझ्या टेबलावर माझी, आणि समोर इंग्रजीत मालती. ब्रायन शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आला होता, किया ओरा म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. मी सोंगट्या मांडल्या. पाळी काळ्याची. समोरची खुर्ची जरा मागे ओढून ठेवली, तिचे गुडघे दुखायचे.

ब्रायनने विचारलं, जोडीदार कुठे? मी म्हटलं, शी इज कमिंग. मकरंदने हे ऐकलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बाकीच्या टेबलांवर खेळ सुरू झाले. मी बसून राहिलो. पाण्याचे दोन ग्लास भरून आणले. तिसऱ्या रांगेत वसुंधराबाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

मग ब्रायनने माइक घेतला. मालती आल्या आहेत का? मालती? त्याच्या तोंडी ते मलाटी असं आलं, पण किती मोठ्याने! हॉलभर घुमलं. घरात सगळे आई म्हणतात. मी तर चाळीस वर्षांत तिला नावाने हाक मारलीच नाही, अगं म्हणूनच भागवलं. आणि हा परका माणूस सगळ्यांसमोर तिला नावाने बोलावत होता. तीनदा बोलावलं. सगळे खेळ थांबले. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

मीही पाहिलं.  अगं ये ना, असं मी मोठ्याने म्हणालो की मनात, ते आता आठवत नाही. दार उघडलं. एक गोरी मुलगी बाबागाडी घेऊन आत आली आणि टॉयलेट कुठे आहे म्हणून विचारलं.

ब्रायन जवळ आला. अगदी हळू आवाजात म्हणाला की क्लबचा नियम आहे, पंधरा मिनिटं थांबतो, मग हजर असेल त्याचा डाव. सॉरी, मेट. वसुंधराबाई उठून टेबलापर्यंत आल्या. मी नको म्हणून मान हलवली. त्या तिथेच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. ब्रायनने माझा हात हातात घेऊन हलवला आणि माइकवर निकाल सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगली माणसं आहेत. मकरंदने येऊन काळे खडे एकेक उचलले आणि खिशात टाकले. मी त्याला अडवलं नाही.

घरी आलो. टेबल रिकामं होतं. विनिताने चार पानं मांडली, मग एक उचललं.

खेळ पूर्ण झाला. शेवटचा नियम आत्ता लिहिला : समोरचं माणूस आलं नाही की डाव संपला, जो बसून राहिला तो जिंकला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलो.

मालती आली नाही.